जुना छोटा ट्यूब अ‍ॅम्प: प्लग लावण्याआधी आणि नंतर

माझा पहिला ट्यूब अ‍ॅम्प (काचेच्या ट्यूबवर चालणारा, गिटारचा आवाज वाढवणारा डबा) घरी आणला आणि पाच मिनिटांत मी प्लग लावला. चालतो का ते बघायचं होतं, बास. चालला की! काचेच्या आत लालसर उजेड आला, स्पीकरमधून बारीक 'घूं' ऐकू आलं, मी गिटारची केबल खुपसली. तारांवर तळवा टेकला तर मुंग्या आल्यासारखं झालं. तिकडे दुर्लक्ष केलं. मग उजेड हवा म्हणून दुसऱ्या हाताने टेबल-लॅम्पचा लोखंडी दांडा धरला, आणि हात कोपरापर्यंत असा झटकला गेला की गिटार मांडीवरून खाली.

मामा रेडिओ दुरुस्त करायचा. ट्यूबला तो आयुष्यभर व्हॉल्व्हच म्हणाला. त्याला फोन केला, तर आवाज कसा आहे वगैरे त्याने काही विचारलं नाही. "प्लगला पिना किती?" एवढंच. मी म्हटलं दोन. "मग वाचलीस," म्हणाला, आणि फोन ठेवला.

त्यानंतर मी असे सात-आठ छोटे अ‍ॅम्प उघडले आहेत. खाली लिहिलंय ते सगळं ज्या क्रमाने करते त्याच क्रमाने. क्रम बदलू नका. प्लग लावायची पाळी बरीच उशिरा येते. आणि एक आधीच सांगते: या डब्यात ३०० व्होल्टच्या वर डीसी असतो, प्लग काढल्यावरही काही काळ राहतो. मल्टिमीटर हातात धरताना अजून धाकधूक होत असेल, तर ओळख पटवायचा भाग वाचा, साफसफाई करा, आणि उघडायचं काम जाणत्या माणसाकडे द्या. त्यात कमीपणा काही नाही.

आधी ओळख पटवा

सध्या माझ्याकडे १९६० चा फेंडर चॅम्प आहे. छोट्या अ‍ॅम्पचं व्याकरण शिकायला यापेक्षा सोपा नमुना नाही. आत तीन ट्यूब: सिग्नल वाढवणारी १२एएक्स७, स्पीकर हलवणारी ६व्ही६, आणि एसीचा डीसी करणारी ५वाय३. आठ इंची स्पीकर, जेमतेम पाच वॅट, आणि व्हॉल्यूमचा एकच नॉब, तोही १२ पर्यंत आकडे असलेला. त्या काळच्या इतर बऱ्याच छोट्या अ‍ॅम्पचा नकाशा थोड्याफार फरकाने असाच. व्हॉक्स एसी४ सारख्या ब्रिटिश अ‍ॅम्पमध्ये ६व्ही६ च्या जागी ईएल८४ दिसेल, पण कामाची रीत तीच.

मागची फळी काढली की पहिली गोष्ट बघायची ती ट्यूबवरचे आकडे. अमेरिकन नावांत पहिला आकडा साधारण हीटरचे (ट्यूब तापवणाऱ्या आतल्या तारेचे) व्होल्ट सांगतो: ६व्ही६ ला ६.३ व्होल्ट, ५वाय३ ला ५, १२एएक्स७ ला १२.६ (किंवा मधल्या पिनेमुळे ६.३ वरही चालते). आता समजा तुमच्या अ‍ॅम्पमध्ये ५०सी५ आणि ३५डब्ल्यू४ निघाल्या. म्हणजे एकीला ५० व्होल्ट लागतात, दुसरीला ३५. हे काय प्रकरण? यात पॉवर ट्रान्सफॉर्मरच नाही. सगळे हीटर एकापुढे एक जोडून थेट भिंतीच्या लाइनवर टाकलेत, आणि लाइनची एक बाजू थेट किंवा एखाद्या कपॅसिटरमधून (वीज साठवणारा भाग) चेसिसपर्यंत (सगळं ज्यावर बसवलंय तो धातूचा सांगाडा), म्हणजे तुमच्या गिटारच्या तारांपर्यंत, पोचलेली आहे. असा अ‍ॅम्प निघाला तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (भिंतीच्या लाइनपासून वेगळं पाडणारा) बसवल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, आणि इथून पुढचा मजकूर त्याच्यासाठी नाही.

वय काढायचा नाद मला आहे, कामाशी त्याचा संबंध थोडाच. स्पीकरच्या लोखंडावर सहा-सात आकडी नंबर असतो. पहिले तीन आकडे कारखान्याचे: २२० म्हणजे जेन्सन, ४६५ म्हणजे ऑक्सफर्ड. पुढे वर्ष आणि आठवडा. माझ्यावर २२००१४ आहे, म्हणजे जेन्सन, शून्यावर संपणारं वर्ष, चौदावा आठवडा. आता १९५० की १९६०? फेंडरच्या आतल्या ट्यूब-चार्टच्या कागदावर दोन अक्षरांचा शिक्का असतो, पहिलं अक्षर वर्षाचं (ए म्हणजे १९५१), दुसरं महिन्याचं. माझ्या कागदावर 'जे' आणि 'एफ'. ए पासून मोजत गेलं की जे म्हणजे १९६०, एफ म्हणजे जून. स्पीकर एप्रिलचा, अ‍ॅम्प जूनचा. बसतंय. दोन्ही तारखांत दोन-तीन वर्षांचं अंतर निघालं तर स्पीकर नंतर बदललेला असणार, आणि मग तो किती ओहमचा आहे ते स्वतः मोजूनच घ्या. चॅम्पला ४ ओहमच्या आसपासचा लागतो. मल्टिमीटरवर तो ३ च्या जवळ दिसतो, घाबरू नका.

उघडणं

प्लग काढलेला आहे हे डोळ्यांनी बघा. नुसतं आठवण्यावर जाऊ नका. मी वायरचं टोक समोर टेबलावर, दिसेल असं ठेवते.

ट्यूब काढताना काच धरून डुलवत सरळ वर ओढायच्या. ६व्ही६ आणि ५वाय३ चा काळा बुडखा धरला तर उत्तम. प्रत्येक ट्यूबवर कागदाची चिठ्ठी लावून कुठून काढली ते लिहा. काचेवरची छपाई बोटानेसुद्धा पुसली जाते, म्हणून तिथे कपडा मारू नका. छपाई गेलेली जुनी ट्यूब म्हणजे नाव नसलेलं औषध.

मग चेसिस बाहेर. आता कपॅसिटर रिकामे करायचे. बरेच जण स्क्रूड्रायव्हर आडवा लावून 'फट्' करतात. मामाही तरुणपणी करायचा, त्याच्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला खड्डे होते. तसं करू नका. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर घ्या, त्याच्या दोन्ही पायांना क्लिपवाल्या वायरी जोडा, उघडं धातू राहील तिथे स्लीव्ह चढवा. एक क्लिप आधी चेसिसला. मग दुसरा हात खिशात. हो, खरंच खिशात. दोन्ही हात आत असले की करंट एका हातातून छातीवाटे दुसऱ्यात जातो, म्हणून. आता दुसरी क्लिप पहिल्या मोठ्या कपॅसिटरच्या अधिक टोकाला लावा. हे टोक शोधायचं कसं? ५वाय३ च्या सॉकेटची ८ नंबरची पिन बघा, तिथून निघालेली वायर तिथेच जाते. आकडे खालून, म्हणजे सोल्डरच्या बाजूने, खाचेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजायचे.

हिशेबाने एक-दोन सेकंदांत सगळं उतरतं, पण मी दहापर्यंत मोजते. मग मल्टिमीटर १००० व्होल्ट डीसीवर ठेवून तपासा. पाचाच्या खाली आलं की हात घालायला हरकत नाही. आतलं काम संपून प्लग लावायची वेळ येईपर्यंत क्लिप काढायची नाही, कारण रिकामा केलेला कपॅसिटर थोड्या वेळाने स्वतःहून पुन्हा थोडा भरतो. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मीटर बिघडला असं वाटलं होतं.

दोन पिनांची वायर

आता त्या मुंग्यांचं कारण. जुन्या अमेरिकन अ‍ॅम्पमध्ये दोन पिनांची वायर असायची, अर्थिंग नाही. घूं कमी व्हावी म्हणून लाइनच्या एका बाजूपासून चेसिसला एक छोटा कपॅसिटर जोडलेला असायचा, बहुधा ०.०४७ किंवा ०.०५ मायक्रोफॅरडचा. तो ठणठणीत असला तरी ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झवर त्यातून सुमारे दोन मिलिअँपिअर गळतात. त्या मुंग्या. तो आतून शॉर्ट झाला की पूर्ण लाइन तुमच्या तारांवर. या कपॅसिटरला इंग्रजीत 'डेथ कॅप' म्हणतात ते उगाच नाही. लाइनच्या वायरीपासून चेसिसकडे जाणारा असा कपॅसिटर दिसला की दोन्ही पाय कापून काढा. त्याच्या जागी काही लावायचं नाही. बाहेर 'ग्राउंड' लिहिलेला स्विच असेल तर तो शोभेला राहू दे.

मग तीन तारांची नवी वायर. तपकिरी (अमेरिकन वायरीत काळी) तार फेजची: ती आधी फ्यूजला, फ्यूजमधून स्विचला, स्विचमधून ट्रान्सफॉर्मरला. निळी (अमेरिकन वायरीत पांढरी) न्यूट्रलची: थेट ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या तारेला. हिरवी, किंवा हिरवी-पिवळी, अर्थची: चेसिसला, तिच्यासाठी मुद्दाम पाडलेल्या भोकात, स्वतंत्र नट-बोल्टने. रंग किंवा गंज खरवडून चकचकीत लोखंड दिसू द्या, दातेरी वॉशर घाला. ट्रान्सफॉर्मरच्या बोल्टखाली ही तार दाबायचा मोह होतो. तो बोल्ट थरथरून सैल होतो, म्हणून नको. आणि अर्थची तार बाकी दोन तारांपेक्षा बोटभर लांब ठेवा. कधी वायर हिसका बसून निघालीच, तर अर्थ सगळ्यात शेवटी सुटला पाहिजे. वायर जिथून आत शिरते तिथे पकडणारी क्लिप हवीच. आत गाठ मारून ठेवणं हे काम नव्हे.

झाल्यावर मल्टिमीटरने प्लगच्या अर्थ पिनेपासून चेसिसपर्यंत ओहम बघा. एकाच्या आत हवेत. मग अर्थपासून गिटारच्या जॅकच्या बाहेरच्या धातूपर्यंतही बघा.

फ्यूज काढून हातात घ्या. माझ्या चॅम्पमध्ये फ्यूजच्या काचेवर चांदीचा कागद गुंडाळला होता, नीट, प्रेमाने, दोन वेढे. ज्याच्याकडून घेतला तो शपथेवर सांगत होता की "सगळी सर्व्हिसिंग झालेली आहे." चेसिसवर किंवा आतल्या कागदावर जो आकडा छापलाय तोच फ्यूज घाला.

काय बदलायचं, काय नाही

इथे माझं आणि बऱ्याच जणांचं पटत नाही. उघडला की सगळंच नवं घालायची खाज असते. मी बदलते ते फक्त इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, कारण त्यांच्या आत ओलसर रसायन असतं आणि ते साठ वर्षांत वाळतं. पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळलेले असतात. टोकाचं रबर फुगलेलं, किंवा पांढरी पूड, किंवा तपकिरी चिकट ओघळ दिसतो. काहीच दिसत नसलं तरी बदला. बाकी रेझिस्टर, पिवळे-निळे कपलिंग कपॅसिटर (एका ट्यूबमधून दुसरीत सिग्नल नेणारे), वायरी, हे मोजून दोष निघेपर्यंत जसेच्या तसे.

चॅम्पमध्ये असे मोठे तीन: १६, ८ आणि ८ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्ट. आज हे आकडे हुबेहूब मिळाले नाहीत तर २२, १०, १० घाला. मोठा घातला तर घूं आणखी कमी होईल म्हणून पहिल्या जागी १०० चा घालू नका: ५वाय३ नाजूक आहे, दर फेऱ्याला तो कपॅसिटर भरताना तिच्यावर ओढ पडते, आणि अ‍ॅम्प दाबून वाजवल्यावर जो लवचीकपणा येतो तोही जातो. व्होल्टला मात्र वरचा आकडा चांगला, ५०० मिळाला तर ५००. कारण ५वाय३ दोन-तीन सेकंदांत तापते आणि ६व्ही६ ला दहा-पंधरा लागतात. मधल्या वेळात करंट ओढणारं कोणी नसतं, आणि व्होल्ट नेहमीपेक्षा बरेच वर चढून बसतात.

चौथा छोटा, २५ मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा. तो ६व्ही६ च्या ८ नंबरच्या पिनेपासून चेसिसला, ४७० ओहमच्या रेझिस्टरला समांतर. लोक हा विसरतात, आणि मग आवाज बारीक, बसका येतो म्हणून स्पीकरला शिव्या देतात.

अधिक-उणे दोनदा बघा. सोल्डर लावण्याआधी एकदा, लावल्यावर एकदा. उलटा लागलेला कपॅसिटर फुटतो आणि त्याचा वास पडद्यांना महिनाभर राहतो. मला माहीत आहे. जुना डाख शिशाचा असतो, काम झाल्यावर हात धुवा.

भिंतीत किती व्होल्ट?

या अ‍ॅम्पच्या मागे '११७ व्होल्ट, ६० सायकल' असं लिहिलेलं असतं. भिंतीत २३० असतील तर स्टेप-डाउन (व्होल्ट कमी करणारा ट्रान्सफॉर्मर) लागतो हे सगळ्यांना माहीत असतं. त्यातले दोन बारकावे सहसा कोणी सांगत नाही. पहिला: बाजारातले बरेच स्टेप-डाउन दोन पिनांचेच आउटपुट देतात, म्हणजे मघाशी केलेली अर्थिंगची सगळी मेहनत तिथे तुटते. तीन पिनांचा घ्या, आणि अर्थ खरंच आरपार जातोय का ते मीटरने बघा. दुसरा: ६० हर्ट्झसाठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जास्त तापतो, कारण लोखंडावरचा भार व्होल्ट भागिले हर्ट्झ या हिशेबाने ठरतो. तेच ११७ व्होल्ट ५० हर्ट्झवर दिले तर भार वीस टक्के वाढतो. म्हणून ५० हर्ट्झवर मी असा अ‍ॅम्प ११० च्या वर नेत नाही, १०० ची सोय असेल तर आधी तिथे लावून बघते.

६० हर्ट्झच्या देशातही सुटका नाही. त्या काळी ११७ असायचे तिथे आता १२० ते १२५ मिळतात, आणि आतले सगळेच आकडे त्या पटीत वर सरकतात. हे पुढे उपयोगी पडेल.

पहिला उजेड

सिरीज बोर्ड करा. म्हणजे फेजच्या तारेत, अ‍ॅम्पच्या आधी, एक जुना तारेचा बल्ब जोडलेला. ६० वॅट पुरे. एलईडी चालणार नाही. आत कुठे शॉर्ट असेल तर सगळा करंट बल्ब आपल्या अंगावर घेतो, ट्रान्सफॉर्मर वाचतो. स्टेप-डाउन वापरत असाल तर आधी फक्त तोच लावून बल्ब किती उजळतो ते ध्यानात ठेवा, नाहीतर त्याचाच उजेड बघून घाबराल.

स्पीकर जोडलेला आहे ना? ट्यूब अ‍ॅम्प स्पीकरशिवाय कधीही चालू करायचा नाही. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पची सवय इथे महागात पडते: आउटपुट ट्रान्सफॉर्मरला जोर टाकायला जागा मिळाली नाही की तो आतल्या आत जळतो.

आता पहिली पायरी: एकही ट्यूब न लावता चालू करा. बल्ब क्षणभर लखलखेल आणि विझेल, किंवा अगदी मंद राहील. भगभगत राहिला तर वायर चुकली आहे किंवा पॉवर ट्रान्सफॉर्मर गेला आहे. दुसरी पायरी: बंद करून १२एएक्स७ आणि ६व्ही६ लावा, ५वाय३ नाही. हीटर लालसर होतील, बल्ब थोडा उजळेल. तिसरी: पुन्हा बंद करून ५वाय३. आता बल्ब आणखी जरा उजळून स्थिर व्हायला हवा. पूर्ण उजळला तर लगेच बंद, कपॅसिटर रिकामे, आणि अधिक-उणे पुन्हा तपासा. माझी तिसरी पायरी एकदा चुकली होती. दुसरा कपॅसिटर उलटा. बल्ब नसता तर वासाची गोष्ट दुसऱ्यांदा सांगावी लागली असती.

ट्यूब अदलाबदलीबद्दल: ५वाय३ च्या सॉकेटमध्ये ५यू४ बसते. बसते म्हणून लावू नका. ५वाय३ चा हीटर २ अँपिअर घेतो, ५यू४ चा ३. ट्रान्सफॉर्मर त्यासाठी बांधलेला नाही.

६व्ही६ चा हिशेब

बल्ब काढून थेट लावल्यावर ६व्ही६ किती वॅट सोसतेय हा हिशेब करायचाच. एका हाताने. काळी क्लिप चेसिसला कायमची, लाल टोक एकेका पिनेवर. ६व्ही६ च्या ३ नंबरच्या पिनेवर प्लेटचे व्होल्ट, ८ वर कॅथोडचे (ट्यूबमधला करंट या दोन टोकांमध्ये वाहतो). कॅथोडच्या रेझिस्टरचा खरा आकडा अ‍ॅम्प बंद असताना मोजून ठेवा; ४७० छापलेला माझा ४७२ निघाला.

स्टेप-डाउनमधून १२२ व्होल्ट जात होते तेव्हा माझे आकडे: प्लेट ३५६, कॅथोड २२. बावीस भागिले ४७२ म्हणजे ४६.६ मिलिअँपिअर. त्यातले तीनेक स्क्रीनचे (ट्यूबमधली एक जाळी, तीही थोडा करंट घेते), म्हणजे प्लेटमधून साधारण ४३.६. प्लेट आणि कॅथोडमधला फरक ३३४ व्होल्ट. गुणाकार साडेचौदा वॅट. ६व्ही६जीटी ची जुनी छापील मर्यादा १२ वॅट. म्हणजे बिचारी रोज मर्यादेच्या पुढे राबत होती. खोली काळोखी केली तर आतल्या राखाडी पत्र्यावर फिकट लाल ठिपका दिसायचा, नखाएवढा. तो कधीच दिसता कामा नये.

स्टेप-डाउन ११० वर आणला: प्लेट ३२१, कॅथोड १९.५. करंट ४१.३, स्क्रीनचे अडीच वजा, ३०१.५ ने गुणा. ११.७ वॅट. ठिपका गेला. आवाजात मला काडीचा फरक ऐकू आला नाही. व्होल्ट कमी करायची सोय नसेल तर कॅथोडचा रेझिस्टर ४७० ऐवजी ५६० चा, ५ वॅटचा, लावून बघा आणि हिशेब पुन्हा करा. नव्या बनावटीच्या काही ५वाय३ जुन्यापेक्षा जास्त व्होल्ट देतात, त्यामुळे ती बदलली की हाच हिशेब परत.

तिथेच असताना ५ नंबरच्या पिनेवर, ग्रिडवर (जिथे सिग्नल ट्यूबमध्ये शिरतो), डीसी बघा. शून्याच्या जवळ हवा. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर आधीचा ०.०२ चा कपलिंग कपॅसिटर गळतोय, आणि हा मात्र बदलायचाच.

कुरकुरी

घूं दोन प्रकारची. ५० हर्ट्झच्या लाइनवर १०० हर्ट्झची, करकरीत, माशी अडकल्यासारखी असेल तर ती फिल्टर कपॅसिटरची, म्हणजे त्या मोठ्या तिघांची. ५० ची, खोल, गुबगुबीत असेल तर हीटरची किंवा अर्थच्या जोडणीची. पुष्कळ जुन्या छोट्या अ‍ॅम्पमध्ये हीटरची एक बाजू सरळ चेसिसला टेकवलेली असते. ती सोडवून, हीटरच्या दोन्ही बाजूंपासून चेसिसला १००-१०० ओहमचे दोन रेझिस्टर लावले की खोल घूं बरीच निवते. टेकवलेली बाजू सोडवायला विसरलात तर एक रेझिस्टर नुसताच तापत बसेल.

नॉब फिरवताना खरखर झाली तर पॉटमध्ये (नॉबमागच्या फिरत्या रेझिस्टरमध्ये) कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि वीसदा फिरवा. न फिरवताच तडतड होत असेल तर आधी ट्यूबच्या पिना आणि सॉकेट साफ करा, सैल झालेली सॉकेटची पानं सुईने हलकेच आत दाबा (अ‍ॅम्प बंद, कपॅसिटर रिकामे). मग पेन्सिलीच्या मागच्या टोकाने १२एएक्स७ वर टिचकी. घंटेसारखा टणत्कार स्पीकरमधून आला तर ट्यूब बदला. तरीही तडतड राहिलीच, तर १२एएक्स७ च्या प्लेटचे १०० किलोओहमचे जुने कार्बनचे रेझिस्टर संशयित.

आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर बदलल्यावर अ‍ॅम्प चालू करताच जर कानठळ्या बसणारी शिट्टी आली, तर नवा ट्रान्सफॉर्मर खराब नाही. स्पीकरकडून २२ किलोओहममधून सिग्नल मागे येतो, तो उलट्या दिशेने येतोय. ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक, म्हणजे ट्यूबकडच्या, बाजूच्या दोन तारा अदलाबदल करा, शांत होईल.

स्पीकरचा कागद फाटला असेल तर पातळ टिश्यूचा तुकडा, पाणी घालून सैल केलेला पांढरा गोंद, दोन्ही बाजूंनी. रात्रभर वाळू द्या. टेप लावू नका.

वाजवताना

दोन इनपुट असतात. पहिला पूर्ण जोराचा, दुसरा साधारण निम्म्या सिग्नलचा. हंबकरवाली (जोरदार, दोन कॉइलच्या पिकअपची) गिटार पहिल्यात लवकर फाटते. स्वच्छ हवं तर दुसरा. माझ्या सिंगल-कॉइल गिटारवर पहिल्या इनपुटला ४ पर्यंत स्वच्छ, ५ ते ७ मध्ये जोरात छेडलं तर किनार येते, ९ नंतर आवाज वाढत नाही, फक्त दाट होतो. मी नॉब ८ वर ठेवते आणि बाकीचं गिटारच्या व्हॉल्यूमने करते. सगळंच फार फाटत असेल तर १२एएक्स७ काढून ५७५१ लावून बघा: तिची वाढवायची क्षमता १०० ऐवजी ७०. १२एवाय७ तर चाळिशीत. सॉकेट तेच, दोन मिनिटांचं काम, आणि मूळ ट्यूब खोक्यात जपून.

जमिनीवर ठेवला की खालचे सूर फुगतात, खुर्चीवर ठेवला की आवाज मोकळा होतो. आठ इंची स्पीकरकडून ढोलाएवढा बास मागू नका. मागाल तेवढा भसाडा होईल.

बंद केल्यावर लगेच उचलून नेऊ नका, तापलेल्या ट्यूबच्या आतल्या तारा हिसक्याने तुटतात. पाच मिनिटं थांबा. तेवढ्यात मी एक काम करते: मागच्या फळीच्या आतून चिकटवलेल्या कागदावर एक ओळ लिहिते. शेवटची ओळ अशी आहे: लाइन ११०, प्लेट ३२१, कॅथोड १९.५, ग्रिड ०, कपॅसिटर चार नवे, बाकी मूळचे, अर्थ ०.३ ओहम. तिच्यावर मामाच्या अक्षरात एक शब्द आहे, तो आला होता तेव्हा त्याने न विचारता लिहिलेला: "पिना तीन."